विश्लेषण : १ टीबीची हार्ड डिस्क संगणकात ९३१ जीबीच का दिसते?

अहिल्यानगर जिल्ह्यातील पाथर्डी तालुक्यात लग्नसराईला खरा जोर चढतो तो ऊसतोडीला गेलेली माणसे गावी परतल्यावर. कारखान्यांचे पट्टे पडले, टोळ्या घरी आल्या, की एप्रिल-मेच्या एकेका तिथीला गावोगाव मांडव पडतात आणि फोटो-व्हिडिओवाल्यांना श्वास घ्यायला वेळ उरत नाही. हळद, लग्न, वरात, पाठवणी असे सगळे दोन कॅमेऱ्यांवर टिपले जाते आणि रात्री संगणकात उतरवले जाते.

या धंद्यातला एक साधा हिशेब पाहा. समजा, एका लग्नाचे चित्रीकरण संगणकावर १२० जीबी भरते. फोटोग्राफरने १ टीबीची नवी हार्ड डिस्क आणली. १ टीबी म्हणजे १,००० जीबी. आठ लग्नांचे झाले ९६० जीबी, म्हणजे आठ लग्ने बसून वर ४० जीबी शिल्लक. सात लग्ने आरामात मावतात. आठव्याची कॉपी सुरू करताच संगणक सांगतो, जागा अपुरी आहे, आणखी २९ जीबी मोकळे करा. डिस्कची एकूण क्षमता पाहिली, तर आकडा दिसतो ९३१ जीबी.

खोक्यावर १ टीबी आणि संगणकात ९३१ जीबी. मधले ६९ जीबी गेले कुठे? दुकानदाराला विचारले तर ‘सगळ्याच डिस्क अशा येतात’ असे उत्तर मिळते. ते खोटे नाही. पण त्यातून कारण कळत नाही. ‘फॉरमॅट केल्यावर तेवढी जागा जातेच’ असेही अनेक जण सांगतात. हे मात्र जवळजवळ चुकीचे आहे. फॉरमॅटिंगला जागा लागते, पण नव्या डिस्कवर ती या ६९ जीबीच्या मानाने किरकोळ असते.

खरे उत्तर असे की, डिस्कमधून काहीही गेलेले नाही. कंपनी एका मापाने मोजते, विंडोज दुसऱ्या मापाने मोजते आणि दोघेही आपापल्या मापाला ‘जीबी’च म्हणतात.

दोन मापे म्हणजे नेमके काय?

किलो म्हणजे हजार. किलोमीटरमध्ये १,००० मीटर, किलोग्रॅममध्ये १,००० ग्रॅम. हार्ड डिस्क बनवणाऱ्या कंपन्या हेच धरून चालतात. त्यांचा १ केबी १,००० बाइटचा, १ एमबी १० लाख बाइटचा, १ जीबी १०० कोटी बाइटचा आणि १ टीबी १ लाख कोटी बाइटचा.

विंडोजचा ‘किलो’ मात्र १,०२४ चा आहे. त्यामुळे त्याचा १ एमबी १०,४८,५७६ बाइटचा होतो आणि १ जीबी थेट १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ बाइटचा. आता १ लाख कोटीला या आकड्याने भागा. उत्तर येते ९३१.३२. तोच तो ९३१.

फोनवरच्या कॅल्क्युलेटरवर हा भागाकार कोणालाही करून पाहता येईल. त्याहून सोपा पुरावा संगणकातच आहे. डिस्कच्या चिन्हावर राइट क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’ उघडले, की क्षमतेपुढे दोन आकडे दिसतात. एक जीबीमधला आणि त्याच्या शेजारी बाइटमधला लांबलचक आकडा. लोक पहिला वाचतात, दुसरा सोडून देतात. १ टीबीच्या डिस्कवर तो लांब आकडा १ लाख कोटीच्या आसपास असेल, तर माल पुरा आहे. १ टीबीच्या बहुतेक डिस्कची मूळ क्षमता तर १०,००,२०,४८,८६,०१६ बाइट असते. म्हणजे सांगितल्यापेक्षा २० कोटी बाइट जास्तच.

माप जितके मोठे, तितकी तफावत वाढत जाते. केबीला फरक अडीच टक्क्यांहून कमी, एमबीला पाच टक्क्यांच्या आत. जीबीला संगणकातला आकडा सुमारे ७ टक्क्यांनी कमी दिसतो, तर टीबीला ९ टक्क्यांनी. १९९० च्या दशकात काहीशे एमबीची डिस्क घेणाऱ्याला हा फरक बोचत नव्हता. आज २ टीबीची डिस्क १.८१ टीबी दिसते आणि ४ टीबीची ३.६३, तेव्हा डोळ्यांत भरतो. ५०० जीबीची ४६५, ५१२ जीबीची ४७६, २५६ जीबीची २३८ आणि ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह फार तर ५९ जीबी दिसणार. तोंडी हिशेबासाठी जीबीतला आकडा ०.९३ ने आणि टीबीतला ०.९१ ने गुणला तरी पुरते.

१,०२४ हा आकडा आला कुठून?

संगणकाची मेमरी, म्हणजे रॅम, शून्य आणि एक या दोनच अंकांवर चालते. मेमरीतल्या प्रत्येक खणाला पत्ता असतो. पत्ता सांगणारी एक तार असेल तर दोन खण, दोन तारा असतील तर चार, तीन असतील तर आठ. अशा दहा तारा घेतल्या की खण होतात १,०२४. मेमरीची चिप स्वाभाविकपणे याच आकड्यांत बनते. बरोबर १,००० खणांची बनवायची म्हटले तर २४ पत्ते वाया जातात. सुरुवातीच्या अभियंत्यांनी सोयीसाठी १,०२४ लाच ‘किलो’ म्हणून टाकले. चोवीसाचाच तर फरक होता.

डिस्कवर अशी सक्ती नाही. फिरत्या तबकडीवर वर्तुळे आखायची आणि त्यांचे तुकडे पाडायचे; ते किती असावेत यावर दोनच्या पटीचे बंधन नसते. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली व्यावसायिक डिस्क बाजारात आणली, तेव्हा तिची क्षमता ५० लाख अक्षरे अशी सांगितली होती. प्रत्येकी दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या असलेले ते यंत्र टनभर वजनाचे होते आणि आजच्या मोबाइलमधला एक बरा फोटोही त्यात मावला नसता. पण ५० लाख म्हणजे ५० लाखच, दशमान पद्धतीने. डिस्क कंपन्यांनी पुढे ग्राहकाला फसवण्यासाठी हजाराचे माप काढले, असा सर्रास आरोप होतो. तो इतिहासाला धरून नाही. मोठा आकडा छापायला मिळतो हे त्यांच्या पथ्यावर पडले, एवढे खरे.

गोंधळ किती खोलवर गेला होता, याचा नमुना म्हणजे फ्लॉपी. ज्यांनी ती वापरली त्यांना ‘१.४४ एमबी’ हा आकडा पाठ असेल. तिची प्रत्यक्ष क्षमता १४,७४,५६० बाइट. म्हणजे १,४४० गुणिले १,०२४. हजाराच्या मापाने ती १.४७ एमबी, १,०२४ च्या मापाने १.४१ एमबी. १.४४ हा आकडा दोन्ही मापे एकत्र कालवून तयार झालेला!

आजच्या लॅपटॉपची जाहिरातही फार वेगळी नाही. ‘८ जीबी रॅम, ५१२ जीबी एसएसडी’ असे एका ओळीत छापलेले असते. त्यातला पहिला जीबी १,०२४ च्या हिशेबाचा आणि दुसरा हजाराच्या.

आणे गेले, नवे पैसे आले

पाथर्डीच्या बाजारात जुनी माणसे अजूनही पायलीच्या हिशेबात बाजरी बोलतात. दशमान मापे येण्यापूर्वी कच्चा शेर आणि पक्का शेर असा भेद होता. नुसता ‘शेर’ म्हटले तर कोणता, हे विचारून घ्यावे लागे. आजच्या जीबीची गत तीच आहे.

नाण्यांचे उदाहरण तर आणखी जवळचे. १ एप्रिल १९५७ पूर्वी रुपयात १६ आणे आणि ६४ पैसे होते. अधेली, पावली, चवली ही सगळी निम्म्या-निम्म्याची वाटणी, म्हणजे संगणकाच्या दोनच्या पटीसारखीच. त्या दिवसापासून रुपयाचे १०० पैसे झाले. जुना पैसा रुपयाचा चौसष्टावा भाग, नवा पैसा शंभरावा. दोन्ही नाणी एकाच वेळी बाजारात. घोटाळा होऊ नये म्हणून सरकारने नव्या नाण्याचे नावच ‘नवा पैसा’ ठेवले आणि नाण्यावर ते छापले. लोक सरावल्यावर, १९६४ मध्ये, ‘नवा’ हा शब्द काढून टाकला.

संगणकाच्या बाबतीतही असा प्रयत्न झाला, पण उशिरा. आंतरराष्ट्रीय विद्युत-तंत्र आयोगाने डिसेंबर १९९८ मध्ये १,०२४ च्या मापांना वेगळी नावे दिली : किबीबाइट, मेबीबाइट, गिबीबाइट, टेबीबाइट. किलो, मेगा, गिगा हे शब्द हजाराच्या मापासाठी राखून ठेवले. या नियमाने पाहिले तर खोक्यावरचे ‘१ टीबी’ बरोबर आहे आणि विंडोजने ‘९३१ गिबीबाइट’ लिहायला हवे. विंडोज आजही १,०२४ ने मोजून ‘जीबी’ असेच लिहिते. नवी नावे लिनक्सच्या जगात रुजली. दुकानात आणि घरात कोणाच्या तोंडी बसली नाहीत. ती ऐकायला थोडी गमतीदार आहेत, हेही एक कारण असावे.

अॅपलने दुसरी वाट धरली. २००९ मध्ये मॅकच्या ‘स्नो लेपर्ड’ आवृत्तीपासून संगणकच हजाराने मोजू लागला. त्यामुळे तीच १ टीबीची डिस्क मॅकला जोडली की पूर्ण १ टीबी दिसते. अँड्रॉइडनेही २०१७ च्या आठव्या आवृत्तीपासून हजाराचे माप स्वीकारले.

आणि यातूनच फोटोग्राफरची दुसरी धावपळ सुरू होते. फोनमध्ये ५० जीबी दिसणारे फोल्डर विंडोजवर उतरवले की ४६.५ जीबी दिसते. साडेतीन जीबीचे व्हिडिओ गळाले, असे वाटून कोणी पुन्हा कॉपी करत बसतो. त्याहून वाईट म्हणजे, हा फरक नेहमीचाच असे गृहीत धरून कोणी खरोखर अर्धवट राहिलेल्या कॉपीकडे दुर्लक्ष करतो आणि मेमरी कार्ड पुसून टाकतो. कार्ड पुसण्याआधी दोन्हीकडची फाइलींची संख्या आणि बाइटमधला आकडा जुळवून पाहावा. जीबीचे आकडे जुळवण्यात अर्थ नाही.

मग जागा खरोखर जाते तरी कुठे?

मापाचा फरक सोडला, तरी काही जागा वापरातच जाते. नव्या लॅपटॉपमध्ये विंडोज स्वतःसाठी वीस-तीस जीबी घेते. बिघाड झाल्यास दुरुस्तीसाठी लपवलेला एक भाग असतो. अपडेटसाठी विंडोज सुमारे ७ जीबी राखून ठेवते. ही सोय २०१९ पासून आली. रॅम कमी पडली तर वापरायची पेजफाइल आणि संगणक ‘हायबरनेट’ करताना लागणारी फाइल, या दोन्ही डोळ्यांआड असतात. मोठे अपडेट झाल्यावर जुने विंडोज एका फोल्डरमध्ये काही दिवस पडून राहते. फोनचेही तसेच. १२८ जीबीचा नवा फोन पहिल्या दिवशीच पंधरा-वीस जीबी भरलेला दिसला, तर ती अँड्रॉइडची आणि कंपनीने आधीच टाकलेल्या अॅपची जागा आहे.

एसएसडीमध्ये एक गंमत आहे. आतल्या चिप दोनच्या पटीतल्या असल्याने २५६ जीबीच्या एसएसडीत बहुधा मोठ्या मापाचे २५६ असतात. पण विकले जातात लहान मापाचे. मधले सात टक्के कंपनी हातचे राखते. चिपचा एखादा भाग झिजून निकामी झाला, की त्याच्या जागी राखीव भाग येतो. त्यामुळे एसएसडीचे आयुष्य वाढते.

सेतू केंद्र किंवा ऑनलाइन अर्ज भरणाऱ्या दुकानांत वेगळाच अनुभव येतो. तिथे उमेदवारांचे फोटो आणि सह्यांच्या २०-२० केबीच्या हजारो फाइली साठतात. डिस्कवरची जागा ठरावीक आकाराच्या खणांत वाटलेली असते आणि फाइल कितीही छोटी असली तरी अख्खा खण अडवते. ६४ जीबीच्या कार्डावर किंवा पेन ड्राइव्हवर हा खण अनेकदा १२८ केबीचा असतो. अशा १०,००० फाइलींचा मजकूर २०० एमबी, पण अडलेली जागा सव्वा जीबीच्या घरात. प्रॉपर्टीजमध्ये ‘साइझ’ आणि ‘साइझ ऑन डिस्क’ हे दोन आकडे वेगळे दिसतात ते यामुळे. सगळ्या फाइली एका झिप फाइलमध्ये बांधल्या की बरीचशी जागा परत मिळते.

आणखी एक नेहमीची तक्रार : ६४ जीबीचा पेन ड्राइव्ह अचानक ३२ जीबी दिसू लागतो. विंडोज टाकण्यासाठी तो ‘बूटेबल’ केला असेल, तर उरलेला भाग न वाटलेला पडून असण्याची शक्यता मोठी. ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडल्यावर तो ‘अनअलोकेटेड’ म्हणून दिसतो. आतला मजकूर दुसरीकडे काढून पेन ड्राइव्हची नव्याने विभागणी केली, की जागा मिळते.

फसवणूक कशी ओळखायची?

सात किंवा नऊ टक्क्यांच्या फरकाला फसवणूक म्हणता येत नाही, हे अमेरिकेतल्या खटल्यांनी बऱ्याच अंशी ठरवले. तिथे ग्राहकांनी वेस्टर्न डिजिटल आणि सीगेट या कंपन्यांना न्यायालयात खेचले होते. २००६ मध्ये वेस्टर्न डिजिटलने तडजोड करून ग्राहकांना बॅकअपचे सॉफ्टवेअर मोफत दिले. २००७ मध्ये सीगेटने तसेच सॉफ्टवेअर किंवा किमतीच्या ५ टक्के परतावा देऊ केला. त्यानंतर कंपन्यांनी खोक्यावर बारीक अक्षरांत ‘१ जीबी म्हणजे १०० कोटी बाइट, प्रत्यक्ष वापरायला मिळणारी जागा कमी’ असा खुलासा छापण्याची काळजी घेतली. सॅनडिस्कच्या ६४ जीबी पेन ड्राइव्हवरून झालेला दावा २०२० मध्ये कॅलिफोर्नियातील न्यायालयाने फेटाळला, तो खोक्यावर असा खुलासा होता म्हणूनच. भारतातही वजनमापांचा कायदा आंतरराष्ट्रीय दशमान पद्धतीवर उभा आहे आणि त्यात किलो म्हणजे हजारच.

खरी फसवणूक वेगळीच असते आणि तिच्यात आकडा कमी नाही, पुरेपूर दिसतो. समाजमाध्यमांवरच्या जाहिरातींत किंवा यात्रेतल्या पथारीवर ‘२ टीबी पेन ड्राइव्ह’ नामांकित कंपनीच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यात मिळतो. आत चिप असते १६ किंवा ३२ जीबीची. पण तिचे अंतर्गत सॉफ्टवेअर बदलून संगणकाला २ टीबी असल्याचे खोटेच सांगितले जाते. संगणक त्यावर विश्वास ठेवतो. कॉपी सुरळीत होते, फाइलींची नावे दिसतात, आकारही दिसतात. खऱ्या क्षमतेपलीकडचा मजकूर मात्र कुठेच लिहिला गेलेला नसतो किंवा आधीच्या मजकुरावर लिहिला जातो. महिन्याभराने व्हिडिओ उघडायला गेले की तो उघडत नाही. तोवर कॅमेऱ्याचे कार्ड पुसले गेलेले असते. एखाद्या घरातल्या लग्नाचे पुन्हा चित्रीकरण करता येत नाही, त्यामुळे हा तोटा पेन ड्राइव्हच्या किमतीत मोजता येत नाही.

यावर एकच खात्रीचा उपाय आहे : नवा ड्राइव्ह पहिल्यांदा काठोकाठ भरून, लिहिलेले सगळे परत वाचून पाहणे. हे काम करणारी ‘एच२टेस्टडब्ल्यू’ आणि ‘एफ३’ ही साधने मोफत मिळतात. मोठ्या डिस्कला कित्येक तास लागतात. रात्री लावून सकाळी पाहावे. ड्राइव्ह रिकामा असतानाच ही चाचणी करावी.

बनावट माल निघाला तर पक्के बिल हाताशी हवे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. म्हणजे माल दिल्लीच्या विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवला असला, तरी पाथर्डीच्या ग्राहकाला अहिल्यानगरला तक्रार करता येईल. मुदत दोन वर्षांची आणि वस्तूची किंमत ५ लाख रुपयांपर्यंत असेल, तर तक्रारीला शुल्क नाही.

आता पुन्हा लग्नांच्या हिशेबाकडे. आठवे लग्न न मावल्यावर फोटोग्राफरने ४ टीबीची डिस्क घ्यायची ठरवली, तर ४,००० भागिले १२० असा हिशेब करून ३३ लग्ने धरू नयेत. विंडोज तिची क्षमता ३,७२५ जीबी धरणार. त्यात ३१ लग्ने बसतात आणि जेमतेम ५ जीबी उरतात. डिस्क इतकी काठोकाठ भरणे बरे नाही, म्हणून अठ्ठावीसच धरावीत. आणि एकच डिस्क पडली-बिघडली तर सगळा हंगाम जातो, म्हणून तेवढ्याच मापाची दुसरीही घ्यावी.